वगळलेल्या सहलेखकांच्या गावी

अन्याय झाला तो डॉ. वैशाखी तेलगोटे यांच्यावर. मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. वेळ मी अंदाजाने सांगत नाहीये. पदोन्नती समितीच्या इतिवृत्तातच ती लिहून ठेवली आहे. त्या मिनिटाला अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पाच जणांनी चहा पिता पिता त्यांच्या प्रकाशनांच्या यादीतल्या अकरा नोंदींपैकी पाचांवर काट मारली. चार नोंदींपुढे शेरा आहे, ‘सहलेखकांचे अस्तित्व संशयास्पद’. पाचवीपुढे एकच शब्द, ‘पुनरावृत्ती’.

अस्तित्व संशयास्पद! म्हणजे या बाईंनी दोन माणसं कल्पनेतून काढली आणि मटेरियल सायन्सच्या जर्नलांमध्ये छापून आणली. समितीने तपास काय केला? संगणकावर नावं टाकली. दोन्ही नावं कुठल्याच विद्यापीठाच्या यादीत नव्हती. झाला तपास.

आमची संघटना पुण्यातली, संशोधक विद्यार्थ्यांची. एक खोली, दोन खुर्च्या आणि छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे. पत्रकं मी लिहिते. इतिवृत्ताची प्रत हातात पडली त्याच संध्याकाळी मी निघाले. पत्रक गाडीतच लिहून काढलं आणि अमरावतीत उतरल्या उतरल्या तीनशे प्रती छापून घेतल्या. आधी माणसांना भेटावं, मग छापावं, एवढा धीर मला नव्हता. त्याची शिक्षा पुढे मिळाली. ती सांगेनच.

सोमवार, अमरावती

मी एका रडवेल्या बाईला भेटायला गेले होते. प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा वैशाखीताई स्टुलावर बसून गिला वडा खात होत्या. उडदाचा वडा, वर दही, त्यावर चिंचेचं पाणी आणि तिखट. माझ्या हातातले गठ्ठे बघून म्हणाल्या, “तू पुण्याची ना? बस. आधी खा. अन्याय कुठी पळून नाही जात.”

“मूळची कोल्हापूरची,” मी म्हटलं.

“मग तिखट चालंल.”

चाललं नाही. कोल्हापूरची माणसं तिखटाचा गर्व करतात, मीही करत होते. अमरावतीच्या पहिल्याच वड्याने माझ्या नाकाडोळ्यातून पाणी काढलं. प्रयोगशाळेत रडलं कोण, तर मी.

मग त्यांनी यादी पुढे केली. दोन पानं. प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने एकेका गावाचं नाव. “ही माही प्रकाशनांची यादी,” त्या म्हणाल्या. “समितीले ती यादी वाटली. तू ती एस्टीचं वेळापत्रक समज.”

काम काय ते मला समजलं त्या भाषेत सांगते. अकोला-अमरावतीच्या मधल्या बऱ्याच गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे. संत्र्याची साल विशिष्ट पद्धतीने जाळली की तिचा असा कोळसा होतो, ज्यात डोळ्याला न दिसणारी लाखो भोकं असतात. त्या कोळशाच्या दोन पाट्या करून पाण्यात ठेवायच्या आणि थोडी वीज सोडायची. मीठ पाट्यांना जाऊन चिकटतं, पाणी गोडं होतं. कुठली साल घ्यायची हे शोधलं शेंदूरजनाघाटच्या सुमनबाईंनी. पाट्या दाबायचा साचा केला बडनेऱ्याच्या अन्वरचाचांनी. म्हणून निबंधांवर त्यांची नावं. बास. इतकं सरळ.

“फेरसुनावणी शुक्रवारी,” त्या म्हणाल्या. “दोघांनी येऊन सांगितलं तर ठीक. नाहीतर या वेळची पदोन्नती गेली. त्यानंतर अपील नाही. ही खोलीही जाते. दुसरा दावेदार आहे, त्याले इथे संगणक मांडायचे हाय.”

हसतच सांगत होत्या, पण साल जाळायच्या बंद भट्टीवर ठेवलेला हात काढला नव्हता.

मंगळवार, शेंदूरजनाघाट

वरुडच्या पुढे रस्ता केशरी होतो. हे वर्णन नाही. दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग, मधे गवताचं अंथरूण, क्रेट, ट्रक, आणि वजनकाट्यावरून चाललेली भांडणं. मागे सातपुडा निळा, थंडीत जरा आखडून बसलेला. आमच्याकडे उसाच्या गाड्या दिसल्या की पोरं ऊस ओढतात. इथे कोणी संत्र्याला हातसुद्धा लावत नव्हतं. संत्र्यांच्या गावात सगळ्यांचं पोट संत्र्याने भरलेलं असतं, हे मला दुपारपर्यंत कळलं. तोपर्यंत माझी नऊ खाऊन झाली होती.

सुमनबाई साठीच्या. बागेत फळं निवडायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि वैशाखीताईंना विचारलं, “ही कोन वं? लगन झालं काय हिचं?”

“नाही काकू. ही पत्रकं लिहिते.”

“मंग कसं होईन!”

यावर मी एक पत्रक लिहू शकते. पण त्यांनी लगेच माझ्या हातात टोपली दिली आणि झाडाखाली बसवलं. पिकण्याआधीच गळून पडलेली हिरवी-पिवळी संत्री. बाजारात यांना कुत्रं विचारत नाही. “या मॅडम येत होत्या पिकलेल्या फळाची साल न्यायले,” सुमनबाई म्हणाल्या. “मी म्हन्लं, ते कायले नेता? पातय असते, जळून राख होते. गळलेल्याची घ्या. जाड असते. अन् उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा. उन्हानं वरून कडक होते, आतून ओलीच राह्यते. आमी चुलीत घालतो ना, आमाले मायीत हाय.”

दोन वर्षं ताईंची साल राख होत होती. सुमनबाईंच्या एका वाक्यानंतर व्हायची थांबली. आता ज्याला वाटतं की या बाई सहलेखक नाहीत, त्याने सहलेखक कशाला म्हणतात ते मला लिहून कळवावं.

आणि ताईंची एक रीत मला इथे कळली. निबंध पाठवायच्या आधी त्या शेंदूरजन्याला येतात, ओट्यावर बसतात आणि अख्खा निबंध वऱ्हाडीत वाचून दाखवतात. आकडे, आकृत्या, निष्कर्ष, सगळं. सुमनबाई निवडत निवडत ऐकतात. जिथे पटत नाही तिथे म्हणतात, “थांब.” ताई थांबतात. ते वाक्य दुरुस्त होईस्तोवर निबंध गाव सोडत नाही.

“एकडाव तीनदा परत पाठवली मी इले,” सुमनबाई म्हणाल्या. “तिकडच्या छापनाऱ्या सायबानं एकदाच पाठवलं होतं.”

शुक्रवारी याल का, विचारलं. “काहून नाई? मी हाव का नाई ते पाह्यचं हाय ना त्याईले?”

बुधवार, हिवरखेड

हिवरखेड अकोला जिल्ह्यात, ताईंचं माहेर. अकोटवरून जाताना काळी जमीन आणि बाभळींच्या काट्यांना अडकलेला कापूस. ट्रकमधून उडालेला. लांबून फुलं वाटतात.

ताईंचे बाबा निवृत्त शिक्षक. दारात निळ्या चौकटीवर पंचशील ध्वज, आत भिंतभर पुस्तकं. अंगणात विहीर आणि विहिरीशेजारी ते यंत्र. मी काहीतरी चकचकीत बघायच्या तयारीने गेले होते. हे म्हणजे प्लास्टिकचा डबा, दोन काळ्या पाट्या, सोलरचं पॅनेल आणि एक कळशी.

ताईंच्या आईने दोन कप चहा पुढे ठेवले. एक विहिरीच्या पाण्याचा, एक कळशीतल्या. विहिरीच्या चहातलं दूध फाटलं होतं आणि चव अशी की समुद्रात साखर घातली असावी. सगळे माझ्याकडे बघत होते. पाहुणी म्हणून मी म्हणाले, “छान आहे की हाही.”

आई एकदम म्हणाल्या, “खोटं कावून बोलून राहिली वं पोरी? आमी आयुष्यभर पेलो, आमाले नाई आवडला. तुले कसा आवडंल?”

सगळं घर हसलं. आमच्याकडे पाहुण्याचं खोटं पाहुणचारात धरतात. वऱ्हाडात ते दारातच पकडून परत देतात. मी दुसरा चहा प्याले, गोडा, साधा, आणखी मागून प्याले. त्या घरात गोड्या पाण्याचा चहा ही किती मोठी गोष्ट आहे, ते मला तेव्हा समजलं. आई एकेक कप नीट बघून देत होत्या, सांडू नये म्हणून.

जेवायला रोडगे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवलेले, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मी तीन खाल्ले. बाबा म्हणाले, “पत्रकवाल्या बाईनं तीन रोडगे खाल्ले हे इतिवृत्तात घ्या.”

जेवण झाल्यावर मी यादी लाल पेनाने तपासायला घेतली आणि नववी नोंद बघून थबकले. शुद्धिपत्र! म्हणजे आधीच्या निबंधात चूक होती, ती मागाहून छापून कबूल केली होती. समितीने याच नोंदीपुढे ‘पुनरावृत्ती’ लिहिलं होतं.

“ही काढून टाकूया,” मी म्हटलं. “समोरच्याच्या हातात आपणच काठी कशाला द्यायची? आपली चूक आपणच मिरवायची?”

ताईंचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. “ही काढणार असशील तर बाकीच्या दहाही काढ.”

“पण का?”

“अन्वरचाचाले विचार.”

मी मनात ठरवलं, सुनावणीत त्या नोंदीचा विषय निघूच द्यायचा नाही.

गुरुवार, बडनेरा

अकोल्याला आलो. स्टेशनबाहेर गरम कचोरी खाल्ली, गाडी पकडली आणि बडनेऱ्याला उतरलो. समितीच्या खोलीपासून हे ठिकाण ऑटोने वीस मिनिटं! वीस मिनिटं! पाच जणांपैकी एकालाही ऑटो मिळाली नाही.

अन्वरचाचा रेल्वेत फिटर होते. निवृत्तीनंतर घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवतात. सत्तरी ओलांडलेला बारीक माणूस, कानामागे खडू. आम्ही गेलो तर लेथ बंद आणि त्यांच्या हातात माझं पत्रक. कोणीतरी अमरावतीहून आणून दिलं होतं.

“ये किसने लिखा?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी अभिमानाने म्हटलं.

त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. “‘बडनेऱ्याचा एक बिचारा, अशिक्षित कामगार, ज्याच्या घामावर...’ बेटा, बिचारा कोन?”

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

“मी बिचारा? माह्या हातच्या चाकांवर अख्खी मालगाडी चालली. अशिक्षित? ड्रॉइंग मी वाचतो. तू वाचतं का ड्रॉइंग?” त्यांनी पत्रक घडी करून लेथवर ठेवलं. “मी नाई येत उद्या. बिचारा बनून मी कुठीच जात नाई.”

ताईंनी समजावलं. चहा आला, प्यायला, रिकामे कप गेले. चाचा हलले नाहीत. तीनशे प्रती शहरभर फिरत होत्या आणि चाचा न येण्याचं कारण मी होते. समितीने नाही, मी त्यांचं नाव खोडलं होतं. त्यांच्या जागी एक बिचारा उभा केला होता.

काय करावं सुचेना, तेव्हा ताईंची रीत आठवली. कोरा कागद घेतला, खाली बसले आणि म्हटलं, “चाचा, नवीन लिहिते. मी वाचते. पटलं नाही तिथे थांबवा.”

त्यांनी लेथ सुरू केलं. मला वाटलं, नकोच म्हणाले. पण ऐकत होते.

“‘अन्यायग्रस्त...’”

“थांब. हे कशाले?”

खोडलं.

“‘व्यवस्थेने चिरडलेल्या...’”

“कोनी चिरडलं? मी उभा हाव तुह्या समोर.”

खोडलं. तासाभरात माझं दोन पानांचं पत्रक सात ओळींवर आलं. एकही विशेषण उरलं नाही. कोणी काय केलं, कुठे केलं, आणि समिती तिथे गेली नाही. एवढंच. मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्रक तेच, आणि माझं बहुतेक लिहिलेलं चाचांनी काढून टाकल्यामुळे ते चांगलं झालं.

“आता बरोबर,” चाचा म्हणाले. “साडेदहाले येतो.”

मग शुद्धिपत्राचं विचारलं. त्यांचे डोळे चमकले. पाट्या आठ टनाच्या दाबाने दाबल्या होत्या. वाचून दाखवलेल्या मजकुरात आठच होतं. पण आकृतीखाली चुकून बारा छापलं गेलं. निबंध छापून आल्यावर ताई प्रत दाखवायला आल्या आणि चाचांना आकृती दिसली. “मी म्हन्लं, आत्ता दुरुस्ती पाठव. कोनी कुठी बसून बारा टन दाबलं तर पाटी फुटंल. अन् शिवी मले पडंल. नाव माहं हाय त्याच्यावर.”

मी मान डोलावली. पण उद्या हे बोलू नका, असं त्यांना सांगायचं माझ्या जिभेवर होतं. सांगितलं नाही. आदल्या तासात पुरेसं खोडून झालं होतं.

शुक्रवार, पुन्हा अमरावती

समितीची खोली. अध्यक्ष मफलर गुंडाळलेले, शेजारी चौघे, त्यात एक बाई. सुमनबाई इरकली नेसून आणि पिशवीभर संत्री घेऊन आल्या होत्या. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून, कानामागे खडू तसाच. मला बोलायची परवानगी नव्हती. भिंतीला टेकून उभी राहायची होती.

सुमनबाईंना विचारलं, तुमचं योगदान काय? त्यांनी सालीचं सगळं सांगितलं आणि वर एका सदस्याला विचारलं, “तुमच्या घरी संत्र्याची साल कुठी फेकता?” त्यांनी चक्क उत्तर दिलं.

मग चाचा. एका सदस्याने निबंधाची प्रत त्यांच्यापुढे सरकवली. त्याच्या ओठांवर आधीच हसू होतं. “यातलं काही सांगू शकाल?”

चाचांनी पानं उलटली. आकृतीवर थांबले. बोट ठेवलं.

“हे चूक हाय.”

तो सदस्य पुढे झुकला. “म्हणजे निबंध सदोष आहे, असं खुद्द सहलेखकच म्हणतात?”

“होता,” चाचा म्हणाले. “बारा टन छापलं. आठ पायजे. मीच सांगितलं दुरुस्त करायले. केलं पोरीनं.”

वैशाखीताईंनी काही न बोलता यादीतली नववी नोंद काढून टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी ती उचलली, चष्मा पुसला, आणि इंग्रजी मजकूर वाचत मराठीत सांगत गेले. आकृतीतला दाब बारा नसून आठ टन समजावा. ही चूक दुसऱ्या लेखकांच्या लक्षात आली. लेखक त्यांचे आभारी आहेत.

दुसरे लेखक म्हणजे अन्वरचाचा.

मग त्या बाई सदस्य अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, “सर, जो माणूस अस्तित्वातच नाही, त्याने चूक कशी काढली?”

मला ओरडायचं होतं. भिंतीला पाठ दाबून धरली. जी नोंद मी लपवायला निघाले होते, तिनेच पाचही नोंदी सोडवल्या. कारण चूक कबूल करून छापणारा माणूस खोटी नावं कशाला छापेल? आणि खोटं नाव चूक कशी पकडेल? अध्यक्षांनी इतिवृत्तावर हाताने लिहिलं, पाचही प्रकाशने गुणांकनात घेण्यात येत आहेत. सही केली, वेळ घातली. बारा वाजून पंचवीस मिनिटं.

“तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं,” अध्यक्ष ओशाळून म्हणाले.

सुमनबाई पदर सावरत उठल्या. “तुमी नाई आले साहेब, म्हून आमीच आलो.” आणि पिशवीतली संत्री टेबलावर ओतली. इतिवृत्तावर, चष्म्यावर, सगळीकडे. बाहेर आलो तेव्हा आतून सोलल्याचा वास येत होता. वैशाखीताई व्हरांड्यात खांबाला धरून इतक्या हसत होत्या की शेवटी त्यांना खरंच रडू आलं. चाचा म्हणाले, “हे बरोबर नाई. एक काहीतरी कर.” त्यांनी दोन्ही केलं.

पदोन्नती झाली. खोली राहिली.

पण नियम तसाच आहे. सहलेखकाची संस्था कोणती, हा रकाना रिकामा दिसला की अजूनही निबंध बाजूला पडतो. अमरावतीत पडतो तसा तुमच्या शहरातही पडत असणार, आणि तिथे चाचा साडेदहाला पोचतीलच असं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, जे शिकवता, तपासता, गुण देता, समित्यांवर बसता. तुमच्या टेबलावर आत्ता कुणाची तरी यादी आहे. त्यात एक नाव असं आहे जे तुम्हाला कुठल्याच विद्यापीठात सापडत नाही. त्याच्यापुढे काहीही लिहू नका. पेन खाली ठेवा. पत्ता घ्या, चपला घाला, आणि या आठवड्यात त्याच्या दारात जाऊन या.

निघा.